सरळ केलेल्या खुंट्या

जिन्याच्या मधल्या पायरीवर एक उशी.

टेबलाच्या एका पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा. टेबल डुगडुगत नव्हतं, तरीही.

नळीतून ढकलून काढलेला मातीचा नमुना, मनगटाएवढा जाड, ओला. बोटानं दाबला की ठसा राहतो.

‘उताराजवळ बांधकाम करावयाचे असल्यास जमीन हलत नाही, हे अहवालात पुराव्यानिशी दाखवावे.’

सपाटी बघायच्या पाणसळीच्या काचेतला बुडबुडा, बरोबर मधोमध.

आता जोडू. उशी वडिलांची. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून वरच्या खोलीत जाताना ते तिथे टेकायचे आणि कुणी पाहिलंच तर बुटाची नाडी बांधत असल्याचं सोंग करायचे. पुठ्ठाही त्यांचाच. जन्मभर सुतारकाम केलेलं; वाकडं दिसलं की हात शिवशिवायचे. कारखान्यात सगळे त्यांना गुण्या म्हणत, काटकोन तपासायच्या हत्याराचं नाव. माती लेकीची. कुठे बांधावं, पाया किती खोल न्यावा आणि कुठून हात जोडून परत फिरावं, हे माती तपासून सांगायचं तिचं काम. वडील तिला ढेकूळ म्हणत. बुडबुड्याची पाळी अजून यायची आहे.

तर घरामागे, बाग संपते आणि उतार सुरू होतो तिथे, वडिलांसाठी एक खोली बांधायची ठरली. जिना नको, बाकी काही का असेना. नाही झाली तर ते धाकट्या मुलाकडे जाणार होते, दूरच्या शहरात. तिथे लिफ्ट होती.

“तिथे दिवसभर करणार काय?” तिनं विचारलं होतं.

“लिफ्टनं वर-खाली करीन.”

खाली एकच मोकळी होण्याजोगी खोली, तिची कामाची, मातीच्या पेट्यांनी गळ्यापर्यंत भरलेली. ती द्यायला तयार होती. वडील उखडले. “तुझ्या पोटावर पाय देऊन मी झोपू? मला माझं दार हवं. बाहेर उघडणारं.”

उताराजवळ म्हणून नियमाप्रमाणे अहवाल हवा; पण घरच्या कामावर घरच्यांची सही चालत नाही, म्हणून सही तिच्या साहेबांची आणि मोजमापं तिची. बोअर घेतलं, तर खाली मऊ, चिकट थर लागला. मऊ थर म्हणजे घोर; पण घोर म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून तिनं कडेनं लोखंडी खुंट्यांची रांग ठोकली. जमीन सरकत असेल तर खुंट्या कलतील, रांग सोडतील. दर आठवड्याला ती मोजायची आणि दर आठवड्याला रांग सुतासारखी सरळ. तिच्याही नकळत ती गुणगुणायला लागली होती.

अहवालातलं शेवटचं वाक्य तिनं नाश्त्याला वडिलांना वाचून दाखवलं : ‘जमीन स्थिर आढळली.’

“आढळणारच. रोज सकाळी मी सरळ करतो ना.”

“काय सरळ करता?”

“तुझ्या खुंट्या गं. दोरी लावायची, पाणसळ धरायची, हातोडीचे दोन टोले. काय कच्च्या ठोकल्यास! आमच्याकडे मुकादमानं कान उपटला असता.”

“बाबा, कुठल्या बाजूला कलायच्या?”

“खाली. झाडून सगळ्या. कडेची ती तर भलतीच हट्टी, पुन्हापुन्हा पुढे सरकून बसायची.” ते कौतुकानं सांगत होते. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहता पाहता आवाज उतरला. “ढेकळा… मी काही मोडलं का?”

“नाही, बाबा. चहा घ्या.”

जमीन स्थिर आढळली.

जमीन स्थिर असल्याचे दिसते.

(वाक्य तयार होतं, साहेबांनी वाचलंही होतं. खोली हाताच्या अंतरावर होती.)

जमीन रोज सकाळी सरळ करण्यात आली.

शेवटी तिनं लिहिलं : ‘खुंट्यांच्या नोंदी ग्राह्य धरू नयेत. निरीक्षणाच्या काळात कुटुंबातील एक व्यक्ती खुंट्या सरळ करीत होती.’

साहेब फोनवर हसू दाबत म्हणाले, “त्या व्यक्तीला हाताची घडी घालून बसव. नव्या ठोक.”

नव्या ठोकल्या. वडिलांनी समोर खुर्ची टाकली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून पहाऱ्याला बसले.

“बघ, बघ कशी वाकतेय. लाज नाही मेलीला.”

“वाकू दे.”

“एकच टोला?”

“बाबा!”

एका सकाळी ती चहा घेऊन गेली, तर त्यांनी पाणसळ बागेच्या कडेच्या फरशीवर ठेवली होती. ही फरशी त्यांनीच बसवलेली. बुडबुडा घराकडच्या टोकाला जाऊन चिकटला होता; फरशी उताराकडे कलली होती.

“नको बांधूस इथे,” ते म्हणाले. “चौकट वाकेल, दार अडकेल. माझ्या हातचं दार अडकतंय, हे मला बघवायचं नाही.” मग कप बाजूला ठेवून, हात पुन्हा मांड्यांखाली दाबत, “लिफ्ट बरी असेल गं.”

ती त्यांच्या शेजारी गवतातच बसली.

“साहेबांनी माझ्या पेट्यांना ऑफिसात एक कोपरा दिलाय,” ती म्हणाली. “कामाची खोली रिकामी होईल. फक्त बाहेर उघडणारं दार नाही तिला, भिंत फोडावी लागेल. पण चौकट सरळ बसवणारं माणूस आणू कुठून? आजकाल सगळे कच्चे.”

वडिलांचा एक हात मांडीखालून निघाला.

“भिंत कशाची आहे?”

“विटेची.”

“आणि त्या बाजूची जमीन?”

“खाली खडक आहे. तपासलाय.”

“हलत नाही?”

“नाही हलत.”

“सही कुणाची?”

“माझी.”

“घरच्यांची चालत नाही म्हणालीस.”

“या कामाला चालते.”

त्यांनी पाणसळ उचलली, सदऱ्याच्या टोकानं काच पुसली आणि उठायला म्हणून हात पुढे केला.

पहिल्या खुंट्या ठोकून झाल्या त्या दिवशी, हातांची माती झटकत तिनंच त्यांना विचारलं होतं, “बाबा, सरळ आहेत ना?”