गाळलेली ओळ

बाबांनी पुन्हा तोंड मिटलं. रविवारच्या उपासनेत, भर मिस्सेत, अख्खं चर्च 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणत असताना, आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो ही ओळ आली की बाबांचे ओठ घट्ट. ओळ सरली की पुन्हा सुरू. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. लिफ्टखालच्या खड्ड्यातून वरच्या मजल्यावरच्या माणसाशी ओरडून ओरडून आवाज असा कमावलेला, की तो थांबला की पुढच्या बाकांवरची माणसं वळून बघायची.

दादाला ट्रकनं उडवलं तेव्हापासूनचं हे. ट्रकवाला दारू प्यायलेला होता, आणि होता आमच्याच चर्चचा. तो तुरुंगात गेला आणि बाबांच्या तोंडची ही ओळ गेली.

"बाकी सगळं म्हणतो मी, फादर," बाबांनी सुनावलं होतं. "तेवढं सांगू नका. देवाच्या तोंडावर खोटं बोलू?"

"नका बोलू," फादर म्हणाले. "पण येत राहा."

बाबा येत राहिले. ताप अंगावर काढून आले, दुखरे गुडघे टेकून बसले. अलीकडे त्या ओळीला त्यांचे ओठ जरासे हलायचे. आज म्हणतील, असं वाटायचं, की पुन्हा दातखीळ.

मग एका रविवारी तो आला. शिक्षा भोगून सुटलेला, गालफडं बसलेली. शेवटच्या बाकावर टेकला. त्या बाकावरची माणसं एकेक करून उठली आणि पुढं येऊन बसली. बरी जिरली, असं मला वाटलं. खोटं कशाला सांगू, आनंदच झाला.

"कुणी मागं बघायचं नाही," आई म्हणाली.

बाबांनी बघितलं. मग ते उठले.

"अहो, कुठं निघालात?" आईनं त्यांचा शर्ट धरला. "गेलात तर घरी माझ्याशी बोलू नका."

"बरं, नाही बोलत."

"आपला पोरगा गेला त्याच्यापायी!"

"म्हणूनच जातोय. हे दुसऱ्या कुणाचं कामच नाही."

बाबा त्याच्या बाकावर जाऊन बसले, हातभर अंतर ठेवून. तो घाबरून उठायला लागला.

"बस खाली," बाबा खेकसले. त्यांची कुजबुजसुद्धा वेदीपर्यंत जाते. "माझा राग गेलेला नाही. गेला असं समजू नकोस. बस."

तो बसला.

प्रार्थना सुरू झाली. माझे डोळे पुढं होते, कान मागं. ती ओळ आली आणि बाबांचा आवाज आला. फाटलेला, बेसूर, भांडायला उभं राहिल्यासारखा. अर्ध्यावर अडकला. सगळे पुढच्या ओळीवर गेले तरी बाबा तिथंच. त्यांनी ती पुन्हा सुरुवातीपासून धरली. फादर थांबले, मग चर्च थांबलं. त्या शांततेत बाबांनी एकट्यानं ती ओळ शेवटच्या शब्दापर्यंत नेली.

मी आईकडं पाहिलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. माझेही.

बाबांची टोपी आमच्या मध्ये बाकावरच राहिली होती. आईनं ती उचलली, झटकली आणि मांडीवर ठेवली.