पंचेचाळीस अंशांचा कोन

स्टीलची पट्टी या वेळी उभी बसली. दादाच्या बोटांच्या पेरांवर रक्ताची बारीक रेघ फुटली. वहीला डाग पडू नये म्हणून त्याने हात शर्टाला पुसला.

"पुन्हा सांग," बाबा म्हणाले.

"चोवीस मीटर."

पट्टी पुन्हा बसली.

बाबांच्या डाव्या हाताचं बोट पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, उत्तरांच्या रांगेत रुतलं होतं. गणित त्यांना येत नव्हतं. पण उत्तर ताडून पाहायला गणित कशाला यायला हवं? तिथे स्वच्छ छापलं होतं, बेचाळीस.

"अवघड गणित झेपेना म्हणून साहेबांनी सामान्य गणित घेतलं. आता तेही झेपेना! दहावी दुसऱ्यांदा. धाकटी बहीण वर्गात शेजारी येऊन बसली, तरी लाज नाही. पालथ्या घड्यावर पाणी नुसतं."

एरवी पहिल्या फटक्याला दादा उत्तर बदलायचा, दुसऱ्याला आणखी बदलायचा, जुळेपर्यंत. आज बदलत नव्हता. आजचं गणित त्याने कुणालाही न विचारता सोडवलं होतं.

"मनोऱ्यापासून चोवीस मीटरवर उभं राहून टोक बघायचं," दादा म्हणाला, "कोन पंचेचाळीसचा. म्हणजे उंची आणि अंतर सारखंच."

"छपाईची चूक आहे, बाबा," धाकटी म्हणाली. "मॅडमनी वर्गात सांगितलंय."

"पुस्तक चुकतं, आणि हे गाढव बरोबर?"

बाबांनी त्याची मान धरून तोंड टेबलावर आपटलं. कंपासपेटी खाली पडून उघडली.

"बेचाळीस म्हण. सोडतो."

दादाच्या नाकातून रक्त ओठावर आलं. ते त्याने चाटलं.

"चोवीस."

"ताटं वाढू का?" आईने आतून विचारलं. मार थांबवायची तिला तेवढीच एक युक्ती ठाऊक होती, आणि ती कधी चालली नव्हती.

बाबा धाकटीकडे वळले. तिच्यावर त्यांनी आजवर हात उगारला नव्हता.

"तू सांग गं, राणी. तुझ्या तोंडून ऐकू दे त्याला."

धाकटीने भावाच्या नाकाकडे पाहिलं, मग पानाकडे.

"छापलंय बेचाळीस," ती म्हणाली. "उत्तर चोवीसच आहे."

थप्पड इतकी जोरात बसली की ती खुर्चीसकट आडवी झाली. दादा पहिल्यांदाच उठून उभा राहिला. पट्टी त्याच्या कानशिलावर वाजली.

आई ओल्या हातांनीच बाहेर आली. तिची शाळा सातवीतच सुटली होती. तिने धाकटीला उचलून बसवलं, पोरीचा लाल गाल तळव्याने झाकला. मग दोन्ही पोरांच्या पुढे, पट्टी आधी तिलाच लागेल अशा बेताने, ती उभी राहिली.

"चोवीस," ती म्हणाली.

"तुला काय कळतं गं त्यातलं?"

"काही नाही," आई म्हणाली. "चोवीस."