मावशीची टोपली

"फुकटात कोणी काही देतं का गं?" मावशीचं घोडं आठवडाभर इथेच अडलं होतं.

"अगं, लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर, जगभरातल्या माणसांनी मिळून लिहिलंय ते! कुणीही वापरा, उघडून बघा, दुरुस्त करा. तुझा कॉम्प्युटर चालू होईपर्यंत माझी आंघोळ होते," भाचीने पुन्हा समजावलं.

"तुझी आंघोळ म्हणजे दोन मग पाणी," मावशी हसली. हसली, म्हणजे भाचीचं निम्मं काम झालं.

"पण माझी पानं नाही ना जाणार?"

त्या पानांत मावशीचा जीव होता. काकांनी त्यांच्या बोटीवरच्या नोकरीची हकिगत सांगितली होती आणि मावशीने ती वर्षभर बसून टाइप केली होती. आता काकांची वाचा गेली होती. खिडकीशी बसून नुसते बघायचे.

"एक अक्षर गेलं तर नाव बदलीन!"

शनिवारी भाचीने धडाक्यात काम काढलं. फोल्डर, फोटो, सगळं पेनड्राइव्हवर घेतलं. पडद्याच्या कोपऱ्यातली कचऱ्याची टोपली गच्च भरलेली दिसली, तेव्हा तिला हसूच आलं. मावशी इथला केर कधी काढतच नाही वाटतं! तिने डिस्क पुसली, लिनक्स चढवलं. कॉम्प्युटर कसा भिंगरीसारखा पळायला लागला!

मावशीने चष्मा लावला. "आणि माझी टोपली?"

"कसली टोपली?"

"अगं, ऑफिसात टाइप झालेला कागद आम्ही टेबलाजवळच्या टोपलीत ठेवायचो. तिथून तो फायलीला लागायचा. इथेही होती की कोपऱ्यात. झालेलं पान मी तिच्यातच टाकायचे."

भाचीने खुर्ची पुढे ओढली. दुपारभर तिने जंग जंग पछाडलं, पण पुसलेल्या जागेवर नवं सगळं ऐसपैस बसलं होतं.

शेजारच्या शिंपीणबाई डोकावल्या. "तरी मी म्हणत होते! गिळली ना पानं? फुकटचं ते असंच."

मावशी रडली नाही. भाचीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "पोरीला बोलू नका हो. त्या मेल्या सॉफ्टवेअरनेच खाल्लं. हो ना गं?"

'टोपली मी पाहिली होती.' एवढंच तर भाचीला म्हणायचं होतं. काका खिडकीशी बसून तिच्याकडे बघत होते.

"हो," ती म्हणाली.

ठरल्याप्रमाणे रविवारी ती शिंपीणबाईंच्याही कॉम्प्युटरवर लिनक्स चढवायला गेली. त्यांनी दारातूनच नको म्हटलं. एरवी तासभर हुज्जत घालणारी भाची मुकाट्याने जिना उतरली.