डावी किडनी गेली कुठे?

मला नसलेल्या गोष्टी शोधायचा नाद आहे. घरी त्याला वाईट खोड म्हणतात, आणि इथे एमआरआयच्या खोलीत त्याच खोडीवर माझी नोकरी चालते.

त्या दिवशी एक सतरा वर्षांची मुलगी आली, सोबत आई. दर महिन्याला तिच्या पोटात इतकं दुखायचं की शाळेत बाकावर आडवी व्हायची. बाहेरच्या सोनोग्राफीत डाव्या अंडाशयावर मोठी गाठ सांगितली होती. दुसऱ्या दिवशी आमचे सर्जन पोट उघडून अंडाशयासकट ती काढणार होते. मला फक्त गाठीचं माप द्यायचं होतं.

"पाळी वेळेवर येते का गं?" मी मुलीला विचारलं.

"अगदी घड्याळ लावून," आईच म्हणाली. "सगळ्याच बायकांचं दुखतं हो, डॉक्टर. हिचं परीक्षा जवळ आली की जरा जास्तच दुखतं."

मुलगी छताकडे बघत राहिली. मला आईचा राग आला, पण गिळला.

चित्रं पडद्यावर येऊ लागली. गाठ होती, चांगली ढळढळीत होती. मला खटकलं ते गर्भाशय. ते मधोमध असायला हवं. हिचं उजवीकडे कललेलं, केळ्यासारखं बारीक आणि वाकडं, अर्धंच असल्यासारखं. मग उरलेलं अर्धं कुठे गेलं? बाळ घडत असताना गर्भाशय दोन अर्ध्या भागांतून जुळतं, आणि किडन्या त्यांच्या शेजारीच घडत असतात. एकाचं बिनसलं की दुसऱ्याचंही बऱ्याचदा बिनसतं.

"जरा वरचं घे, किडन्या दाखव," मी तंत्रज्ञाला म्हटलं. त्याला मी घाईसाहेब म्हणते.

"मॅडम, जुन्या रिपोर्टात आहेत की. दोन्ही किडन्या नॉर्मल. बाहेर लोक खोळंबलेत."

"ते वाक्य कॉम्प्युटरमध्ये आधीच टाईप केलेलं असतं रे. कुणी बघितलं नाही तरी छापून येतं."

घाईसाहेबांनी तोंड वाकडं केलं, पण चित्र घेतलं. उजवी किडनी चांगली गलेलठ्ठ. डावीकडे नुसती आतडी आणि चरबी. कधीकधी किडनी खाली ओटीपोटातच अडकून राहते, म्हणून तिथेही शोधली. नाहीच. मी खुर्ची पुढे ओढली. पोरगी कण्हत असताना मला आनंद झाला, हे काही बरं नव्हे. पण कोडं समोर आलं की माझं असंच होतं.

आता ती गाठ नव्या नजरेने पाहिली. डावं अंडाशय तिच्यापासून वेगळं, धडधाकट होतं. गाठीच्या वरच्या टोकाला जाड भिंतीचं दुसरं गर्भाशय होतं. त्याच्या खालच्या वाटेचं तोंड मांसाच्या पडद्याने बंद झालेलं आणि वाट रक्ताने टम्म फुगलेली; तीच गाठ वाटत होती. पोरीला दोन गर्भाशयं होती. उजव्याची पाळी बाहेर येत होती, म्हणून कुणाला शंका आली नाही. डाव्याची आत कोंडत होती.

मी सर्जनना फोन लावला.

"किडन्या कसल्या बघत बसलात? गाठ किती मोठी आहे ते सांगा," ते म्हणाले.

"गाठ नाहीच आहे. तुम्ही स्वतः या."

ते आले आणि एकेक चित्र पुढेमागे करून पाहिलं. "उद्या मी चांगलं अंडाशय काढून टाकलं असतं," ते म्हणाले. मग ठरलं, फक्त खालून पडदा कापायचा. पोट उघडायचं नाही, काही काढायचं नाही.

मायलेकींना सांगायला मीच गेले. कागदावर दोन गर्भाशयं आणि एकच किडनी काढून दाखवली.

"पण पाळी तर येत होती," आई म्हणाली.

"एका बाजूची येत होती. दुसऱ्या बाजूचं रक्त पहिल्या पाळीपासून आतच साठतंय. घाबरू नका, एका किडनीवर माणूस ठणठणीत जगतो, पुढे मूलही होऊ शकतं. पण हिचं दुखणं खरं आहे, आणि फार आहे."

आईने कागद हातात घेतला. "मी हिला हाताला धरून पेपरला नेलं," ती म्हणाली. "वाटेत उलटी झाली, तरी नेलं." मग ती मुलीकडे वळली. "आत्ता दुखतंय का गं?"

मुलीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "हो," ती हळूच म्हणाली. "खूप."

"कुठे?"

पोरीने आईचा हात धरला आणि पोटावर डावीकडे ठेवला.