बोहाडा गायरानात गेला

कुळकायद्यानं सापगावजवळचं नदीकाठचं मोठं खाचर कमळूच्या नावावर झालं, तेव्हा त्याच्या बापाला जाऊन वर्षही झालं नव्हतं. बापानं जन्मभर ते खाचर दुसऱ्याचं म्हणून कसलं. चावडीवर तलाठ्यानं निकाल वाचून दाखवला आणि वर बजावलं, "जमीन कसायला दिलीय, कमळू. शेतीशिवाय दुसऱ्या कशाला वापरलीस तर सरकार परत घेईल."

कमळूनं मान डोलावली. त्या रात्री त्याला झोप लागली नाही.

कारण चैत्रात भातखाचर मोकळं पडलं की गावाचा बोहाडा तिथंच व्हायचा. देवादैत्यांची सोंगं संबळाच्या तालावर नाचायची, आसपासच्या पाड्यांवरून माणसं यायची, भेळ-जिलबीची दुकानं लागायची. कमळूच्या घराण्याकडं त्राटिकेचं सोंग होतं. लाकडी मुखवटा चढवून तो पोरांच्या अंगावर धावून गेला की बायकासुद्धा किंचाळत मागं सरत.

पाडव्यानंतर यमाजी आला. संबळ तोच वाजवायचा, आणि दोघं लहानपणापासूनचे सोबती.

"खाचरातली ढेकळं फोडाया पोरं कवा धाडू?"

कमळू खाली बघत म्हणाला, "औंदा खाचर नाय देता येनार."

"म्हंजे?"

"सरकारचा नेम हाय. शेतीबिगर कायबी केलं तर जमीन जाईल. दुकानं लागतात, जत्रा भरते. कोनी जाऊन सांगितलं तर?"

"कोन सांगंल रे? आपलाच गाव हाय."

"मला भ्या वाटतं, यमाजी."

यमाजीनं गुडघ्यांवर हात टेकले. उठताना म्हणाला, "बरं. गायरानात करू. सोंग तुजंच हाय, तू ये."

गायरान खडकाळ होतं. सगळ्या गावानं दगड वेचले. कमळू गेला नाही. कुठल्या तोंडानं जाणार? त्यानं मुखवटा बायकोच्या, बाईजाच्या हाती यमाजीकडं पाठवून दिला. बाईजा बायकांबरोबर बोहाडा पाहायला गेली. कमळू ओसरीवर बसून लांबून येणारा संबळ ऐकत राहिला.

गावानं त्याला वाळीत टाकलं नाही. टाकलं असतं तर भांडता तरी आलं असतं. वाटेत भेटले की माणसं रामराम करत, पण तंबाखूला कुणी थांबेना. लावणीला हाक मारली की येत, काम करून जात. पाचव्या वर्षी बाईजा तापानं गेली. गाव आला, खांदा दिला, दिवस झाले आणि घर रिकामं झालं.

मग नवा तलाठी आला. पीकपाहणीला बांधावर उभा असताना कमळूनं त्याला बोहाड्याचं भीतभीत विचारलं. तलाठी म्हणाला, "दोन-तीन रात्रींच्या खेळासाठी मामलेदाराकडं अर्ज करायचा. परवानगी मिळते. तुम्ही कधी मागितली नाही?"

"मागायची असते, हे ठावंच नव्हतं," कमळू म्हणाला.

तसाच तो यमाजीच्या घरी गेला. कितीतरी वर्षांनी त्या अंगणात पाय पडत होता. सगळं सांगून म्हणाला, "औंदा बोहाडा माज्या खाचरात करा. अर्ज मी करतो."

यमाजीनं त्याला पाणी दिलं. "आता गायरानात ओटा बांधलाय, कमळू. झाडं लावल्यात, ती पोरांच्या डोक्यावर गेली. गाव आता नाय हलायचा." आणि तांब्या उचलताना म्हणाला, "तू ये मात्र."

त्या चैत्रात तो गेला. पहाटेच्या वेळी, शेवटाला त्राटिका निघाली. आत धर्मा होता, यमाजीचा पुतण्या. चांगला नाचत होता. कमळूपेक्षा थोडा वेगळा पाय टाकायचा, पण लोकांना तोच पाय आता ओळखीचा होता. नाचत नाचत तो कमळूच्या अंगावर धावून आला. मुखवट्याच्या बारीक भोकांतून त्याला कोण उभं आहे ते दिसलंही नसेल. आजूबाजूची पोरं ओरडत मागं पळाली. कमळू हसला, सगळ्यांसारखाच मागं सरला.

दिवस उजाडल्यावर तो घरी न जाता खाचरावर गेला. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा राहिला होता. पालापाचोळा पसरून त्यानं काडी लावली, आणि आग बांधाबाहेर जाऊ नये म्हणून हिरवी फांदी घेऊन उभा राहिला. एकट्यानं सांभाळायचं काम नव्हतं ते. हाक मारावी म्हणून त्यानं आसपासच्या रानांत पाहिलं. कुणीच नव्हतं. रात्रभर जागलेला गाव झोपला होता.