गरम गाडी सुरू होत नाही

टाकी नव्हे

एनेबिशने टाकीत काठी बुडवली, वर काढली आणि टोकाला आलेलं डिझेल दोन बोटांत चोळून पाहिलं. मेण नाही, पाणी नाही. हिवाळी डिझेल, स्वच्छ. त्याने काठी बर्फात खुपसून पुसली.

"डिझेल चांगलं आहे."

"असणारच." दाशझेवेग केबिनच्या पायरीवर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. "मेव्हण्याच्या पंपावर भरलंय. तो फसवील, पण बहिणीला भिऊन फसवील."

"गाडी बंद कधी पडते?"

"मागे सुंदर बाई गाडी चालवत असली की."

"सरळ सांग."

सरळ सांगायचं तर असं होतं. सकाळी गार इंजिन एका सेल्फमध्ये उठायचं. कोळशाने भरलेली गाडी चढाला लागली की ओढ जायची. आणि रांगेत थांबून इंजिन बंद केलं की ते पुन्हा सुरू व्हायचं नाही. सरहद्दीच्या फाटकापर्यंत सोळा किलोमीटरची रांग. पुढची गाडी सरकली आणि आपण सरकलो नाही की मागचे वळसा घालून पुढे. चार दिवसांत दाशझेवेगला एकशे दहा गाड्यांनी वळसा घातला होता, आणि एकानेही भोंगा वाजवायचा सोडला नव्हता.

"लोक म्हणाले, एनेबिशदादाकडे जा. मी म्हटलं, ज्याचं नावच 'हा नव्हे', तो कशावर बोट ठेवणार?" तो स्वतःच हसला. "भाऊबिऊ आहे का तुम्हाला? 'तो नव्हे' नावाचा?"

एनेबिशने टाकीचं झाकण फिरवून घट्ट केलं.

"होता," तो म्हणाला.

आधीची दोन मुलं गेल्यावर आईने ही नावं ठेवली होती. मरणाने दारात येऊन विचारलं तर उत्तर तयार असावं म्हणून. थोरला एनेबिश, धाकटा तेरबिश.

दाशझेवेग बिया फोडायचा थांबला. तो उत्तरेकडचा, गेल्याच शरद ऋतूत कोळशाच्या रस्त्यावर आलेला. त्याला माहीत असायचं कारण नव्हतं.

फिल्टर नव्हे

फिल्टर नवा होता.

एअर नव्हे

नळ्यांत कुठून हवा शिरते का म्हणून नट तपासले. बोल्ट ढिला करून हातपंप मारला. डिझेल सलग, बुडबुड्याशिवाय बाहेर आलं आणि त्याच्या बोटांवरून खाली जाताजाता घट्ट झालं.

हे सगळं त्याने न बघता केलं असतं तरी चाललं असतं. गाडीला निळा रंग मारला होता, नंबर बदलला होता, दोन वर्षं ती कुणाच्या तरी विहिरीपाशी पाणी ओढायला उभी होती म्हणे. पण केबिन पुढे झुकवताना डाव्या बिजागरीने जो आवाज केला, तो त्याने अकरा वर्षं ऐकला होता. विकण्याआधी ही गाडी त्याचीच होती. त्याची आणि तेरबिशची.

दाशझेवेगला त्याने सांगितलं नाही. सांगायचं तरी काय?

"सुरू कर," तो म्हणाला. "मी हात वर करेपर्यंत रेस देत राहा."

अर्धा तास इंजिन गरम केलं. मग बंद. मग सेल्फ. इंजिन फिरत राहिलं, पेटलं नाही. पुन्हा सेल्फ. नाही.

"बघा!" दाशझेवेगने खिडकीतून डोकं काढलं, जसं काही आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद त्याला झाला होता. "गारठलीये ती. खाली आग करू का? मी पत्र्याचा डबा आणलाय."

"आगीचं नाव काढू नकोस."

"तापल्याशिवाय कशी—"

"खाली उतर आणि तो गोणपाट दे."

एनेबिशने गोणपाटात बर्फ भरला आणि ती गुंडाळी डिझेल पंपाच्या अंगावर दाबून धरली. वाफ झाली. पाणी ओघळलं. त्याने दुसऱ्यांदा बर्फ भरला. दहा मिनिटं तो दोन्ही हातांनी पंप धरून उभा होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर घडी धरावी तसा.

"मार सेल्फ."

गाडी पहिल्या फेऱ्यात उठली.

थंडी नव्हे

पंपाच्या आतले दांडे झिजले की असं होतं. डिझेल गार असतं तेव्हा घट्ट असतं, झिजलेल्या जागेतूनही त्याचा दाब टिकतो. गरम झालं की पातळ होतं आणि फटीतून मागे गळतं. असल्या पंपाला थंडी मारत नाही. थंडी त्याला वाचवते. गाडी बंद पडली तर काही करायचं नाही, तासभर गप्प बसून राहायचं. बस.

एनेबिशने हात वर केला. दाशझेवेगने इंजिन बंद केलं. एनेबिशचा हात तसाच वर राहिला.

तीन वर्षांपूर्वी, पांढऱ्या महिन्याच्या म्हणजे नव्या वर्षाच्या सणाआधीची ती दोघा भावांची शेवटची खेप होती. फाटक बंद व्हायचं म्हणून रस्ता रिकामा. उणे अडतीस. चढावर गाडी बंद पडली तेव्हा एनेबिश म्हणाला होता, डिझेल गोठलं. या वाळवंटात हिवाळ्यात गाडी बंद पडली तर दुसरं काही कुणाच्या मनात येतच नाही. आजा, बाप, सगळे तेच म्हणाले असते. त्याने टाकीखाली आग केली. नळ्यांना चिंध्या गुंडाळून पेटवल्या. पंपावर जळता बोळा धरला. जितकं तापवलं तितकी गाडी मुकी होत गेली. लाकूड संपत आलं. मोबाईलला रेंज नव्हती. मागची चौकी चौदा किलोमीटरवर होती.

तेरबिश बराच वेळ इंजिनाकडे बघत उभा होता. काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडलं होतं. मग म्हणाला होता, "मीच जातो, दादा."

तेरबिश चौकीपर्यंत पोचलाच नाही. दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणली. अंगणात उभी केली आणि ती एका सेल्फमध्ये सुरू झाली.

रस्ता म्हणाला: गाडीला काहीच झालं नव्हतं.

रस्ता म्हणाला: आग करत बसला, आणि पोराला चालत पाठवलं.

रस्ता म्हणाला: स्वतः शेकत बसला.

आई तेव्हापासून त्याला चहा हातात देत नाही, वाटी जमिनीवर ठेवते. उद्या तेरबिशचा तीन वर्षांचा विधी. लामा येणार, मामा-मावश्या येणार, तुपाचे एकशे आठ दिवे लागणार. काल आईने चुलीकडे बघत सांगितलं होतं, "उद्या-परवा तू बाहेर गाड्याच बघ. लोकांना आत अवघडल्यासारखं होतं."

"दादा?" दाशझेवेग खाली उतरला होता. "हात दुखेल."

एनेबिशने हात खाली घेतला. "पंप गेलाय. बदलावा लागेल. माझ्याकडे दुरुस्त केलेला एक आहे."

पंप उतरवायला तासाभराचं काम. इंजिन फिरवून खूण खुणेवर आणली, सहा नळ्या सोडल्या, त्यांच्या तोंडांना कापडाचे बोळे लावले. या रस्त्याच्या खडखडाटात नट टिकत नाहीत, म्हणून पंपाचे बोल्ट तारेने बांधतात. तार तोडायला त्याने पक्कड लावली आणि थांबला.

तार उलटी पिळलेली होती.

सगळं जग तार उजवीकडे पिळतं. तेरबिश डावखुरा होता. चहाची वाटी डाव्या हाताने घेतली म्हणून आईने लहानपणी त्याच्या बोटांवर चुलीचा चिमटा मारला होता, तेव्हापासून वाटी उजव्या हातात आली; पक्कड मात्र डाव्यातच राहिली.

एनेबिशने तार तोडली. पंप ओढून बाहेर काढला, मांडीवर उलटा केला, चिंधीने खालचा काळा थर पुसला. तिथे ठोकणीचे तीन ठिपके होते. ओळीत.

ते त्याने स्वतः मारलेले होते. निकामी ठरवलेल्या पंपावर तो तीन ठोके मारायचा, म्हणजे चुकून कुणी गाडीत बसवू नये. हा पंप एका मोडीच्या गाडीतून काढून त्याने आपल्या वर्कशॉपच्या कंटेनरमागच्या पिंपात टाकला होता. आणि त्याच्या गाडीत त्या हिवाळ्यात कारखान्याचं सील न फोडलेला पंप होता. असायला हवा होता.

"काय आहे?" दाशझेवेगने वाकून पाहिलं. "ही तीन टिंबं कसली?"

"भंगाराची खूण," एनेबिश म्हणाला आणि पंप उचलून आईच्या तंबूकडे चालू लागला.

—

लोकर थापून केलेल्या नमद्याच्या तंबूत आई चुलीच्या उजव्या बाजूला बसून दिव्यांच्या वाती वळत होती. शेजारच्या ताटात वळून झालेल्या वाती एकाच दिशेने लावलेल्या होत्या. समोर, मानाच्या जागी, तेरबिशचा फोटो निळ्या रेशमी पट्टीत.

एनेबिशने पंप उंबऱ्याच्या आत ठेवला.

"तेल सांडेल," आई म्हणाली.

"आपली जुनी गाडी आलीये. तिचा आहे हा." तो उभाच राहिला. "त्या खेपेला हा पंप गाडीत होता, आई. निकामी होता. म्हणून बंद पडली. मी बसवला नव्हता. मी आग केली ते चुकलं, पण मला कुणी सांगितलंच नाही की हा पंप—"

"हळू बोल. बाहेर माणूस आहे."

"तार डाव्या हाताने पिळलीये."

आईने एक वात मांडीवर वळली. ती नीट झाली नाही. उलगडून तिने पुन्हा वळली.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

चुलीत शेणी खाली बसली.

"काय ठाऊक आहे?"

"निघायच्या दिवशी सांगून गेला. दादाला सांगू नको म्हणाला. एक खेप चालेल, आल्यावर दुसरा बसवतो म्हणाला." तिने तोंड हाताने झाकलं, आणि मग हात काढून घेतला. तिचे वरचे दात पांढरेशुभ्र, सगळे एका मापाचे होते. "चांगला पंप त्याने सरहद्दीपलीकडच्या गावात विकला. तिथल्या दातांच्या डॉक्टरकडून माझे दात बसवले. दोन वर्षं मी मांस चावलं नव्हतं. तू विचारलंस कधी?"

एनेबिशला ते दात आठवले. सणासाठी म्हणून बसवलेत, असं तेरबिश म्हणाला होता. पैसे कुठून आले हे त्याने विचारलं नव्हतं, आणि आईला काय चावता येत नव्हतं हेही.

"तीन वर्षं," तो म्हणाला. "तीन वर्षं तू मला वाटी जमिनीवर ठेवतेस."

"मग काय करू? लोक बघतात." ती फोटोकडे बघत नव्हती, त्याच्याकडेही नाही, तिचं लक्ष वातींवर होतं. "तो देव झाला. देव झालेल्याची चूक काढली तर त्याची वाट अडते. उद्या लामा त्याची वाट मोकळी करणार, आणि तू आजच हे लोखंड घेऊन आलास."

"आणि माझी वाट?"

"तू जिवंत आहेस," आई म्हणाली. "जिवंत माणसाला पेलतं."

बाहेर दाशझेवेग कुणाशी तरी ओरडून बोलत होता. रांगेतलं कुणीतरी त्याला जेवण झालं का विचारत होतं, आणि तो म्हणत होता, झालं, चारशे ग्रॅम बिया.

एनेबिश वाकला. पंप उचलला. लोखंड आता पूर्ण गार झालं होतं आणि बोटांना चिकटत होतं.

"उद्या आत ये," आई मागून म्हणाली. "दाराजवळ बस. मी मामाला सांगेन."

तो थोरला होता. त्याची जागा आत, मागे, फोटोच्या उजवीकडे होती. दाराजवळ सासुरवाडीचे दूरचे आणि उशिरा आलेले बसतात.

"बरं," तो म्हणाला.

—

दुसरा पंप त्याने खूण जुळवून बसवला. नळ्या जोडल्या, एकेका नळीची एअर काढली. तार उजवीकडे पिळली. इंजिन उठवलं, अर्धा तास तापवलं, बंद केलं, सेल्फ मारायला सांगितला. गाडी उठली. पुन्हा बंद, पुन्हा सेल्फ. पुन्हा उठली. दाशझेवेगने स्टिअरिंगवर दोन्ही हात आपटले.

"दादा, तुमचं नाव बदला! 'हाच तो' ठेवा."

खाली उतरून त्याने उजव्या हाताच्या कोपराला डावा हात लावून, रीतीने, तपकिरीची बाटली पुढे केली. एनेबिशने चिमूटभर ओढली आणि परत दिली. बर्फावर पडलेल्या जुन्या पंपाला दाशझेवेगने बुटाने उलटं केलं.

"एक कळलं नाही मला. खूण होती, भंगार होतं. मग हे गाडीत बसवलं कुणी? एवढ्या थंडीत एखाद्याचा जीव जायचा. कुठल्या गाढवाचं काम?"

तंबूच्या धुराड्यातून धूर सरळ वर जात होता. दार बंद होतं, पण नमदा पातळ असतो. आतलं बाहेर ऐकू येतं, बाहेरचं आत.

"माझं," एनेबिश म्हणाला.

दाशझेवेग हसला. मग त्याने एनेबिशकडे पाहिलं.

"गाडी माझी होती आधी."

"म्हणजे ते... तुमचा भाऊ..." वाटेत गारठून मेलेल्या पोराची गोष्ट रांगेतल्या चार दिवसांत त्याने ऐकली होती, ती कुणाची हे आत्ता जुळलं. दाशझेवेगने हातातली तपकिरीची बाटली खिशात सरकवली. "खूण करून? स्वतः खूण करून बसवलात?"

"हो."

दाशझेवेग पायरीवर चढला, दार लावलं, आणि निरोपाला हात न करता गाडी हलवली. चढावर ओढ चांगली होती. गाडी रस्त्याला लागली, रांगेच्या कडेने पुढे गेली, एका गाडीच्या शेजारी येऊन थांबली.

एनेबिश चिंधीने हात पुसत बघत राहिला. दाशझेवेगच्या खिडकीची काच खाली झाली. मग शेजारच्या गाडीचीही. उणे सव्वीस होतं, आणि एवढ्या गारठ्यात सांगण्यासारखं काही असल्याशिवाय कुणी काच खाली करत नाही.