आखूड पायांचा बाक

मी एक जुना लाकडी बाक आहे. माझे दोन पाय लांब आहेत आणि दोन आखूड. म्हणजे मित्रांनो, एका टोकाला मी चांगला ताठ उभा आहे आणि दुसऱ्या टोकाला जमिनीकडे झुकलेला. कोणी नकळत माझ्यावर बसलंच, तर ते हळूहळू घसरत खालच्या टोकाला जातं आणि बघणारे हसतात. सुताराचा हात चुकला असेल, असं पाहुण्यांना वाटतं. पण सुताराला बोल लावू नका. त्याने मला चारही पाय सारखे दिले होते. ते नंतर कापले गेले. कापणारा शिंपी होता आणि त्याने ते जाणूनबुजून कापले.

माझा जन्म चर्चसाठी झाला. डावीकडच्या तिसऱ्या रांगेत माझी जागा होती. माझी पाठ मुद्दाम सरळ केली होती, उपदेश चालू असताना कोणाला डुलकी लागू नये म्हणून. अर्थात ज्याला झोपायचं असतं त्याला काट्यांवरही झोप येते. एक म्हातारे पोस्टमास्तर प्रार्थनेसाठी डोळे मिटत, ते आमेन झाल्यावरही उघडत नसत. बाप्तिस्म्याला रडणारी बाळं, लग्नात उगाच डोळे पुसणाऱ्या मावश्या, शवपेटीमागून चालणारी माणसं, सगळं मी पाहिलं. मला त्याचा थोडा गर्वही होता. आपल्याशिवाय चर्च चालणार नाही, असं मी मनात धरून बसलो होतो.

मग एकात एक बसणाऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. गरज सरो आणि वैद्य मरो, असं झालं. आम्हा बाकांची रवानगी मागच्या पडवीत झाली. ज्या अंगावर लोकांनी कपाळ टेकून हुंदके दिले होते, त्या अंगावर कुंड्या आल्या. रोज संध्याकाळी झारीचं पाणी गळायचं आणि मी मुकाट्याने भिजायचो.

एके दिवशी चर्चमधला शिंपी पाळकांना विचारायला आला, एखादा जुना बाक मिळेल का. त्याने आम्हा सगळ्यांवर हात फिरवला, दाबून पाहिलं आणि मला निवडलं. मी हुरळून गेलो. आता कोणाच्या तरी दिवाणखान्यात आपण मानाने उभे राहणार, असं मला वाटलं. घरी पोचताच त्याने खिशातून खडू काढला, कापड बेततात तशी माझ्या दोन पायांवर रेघ मारली, टेपने दोनदा माप घेतलं आणि करवत लावली. शिंप्याच्या हातात करवत शोभत नाही हो. कात्रीसारखी नाजूक धरून तो मला कापत होता आणि मी मनात त्याला नाही नाही ते बोलत होतो.

मग त्याने आत हाक मारली आणि ती आली. तीनेक वर्षांची, कुरळ्या केसांची, वयाच्या मानाने फारच लहानखुरी पोर. घरात तिला सगळे बटण म्हणत. शिंप्याचं घर ते, दुसरं काय म्हणणार? तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "घसरगुंडी!"

मी घसरगुंडी नव्हतो. बटणच्या छातीत जन्मापासून चिकट कफ साठायचा. तो आपोआप बाहेर यायचा नाही. डॉक्टरांनी आईबापांना समोर बसवून सांगितलं होतं की हा आजार मुळापासून जाणारा नाही, पण कफ रोज काढत राहिलात तर मुलगी श्वास घेत राहील. तिला डोकं खाली, पाय वर असं उताराला निजवायचं आणि ओंजळीसारखा वळवलेला हात तिच्या पाठीवर, मग एका कुशीवर, मग दुसऱ्या कुशीवर थापटत राहायचं. उशा रचून पाहिल्या, त्या सरकत. म्हणून मी आलो.

थापटणं किती वेळ, तर प्रत्येक बाजूला चारपाच मिनिटं, असं नर्सने सांगितलं होतं. पण दोन्ही हात कामात आणि डोळे लेकीवर, घड्याळ कोण बघणार? बटणची आई चर्चच्या गायकवृंदात गायची. तिने आपला हिशेब लावला. एका बाजूला एक गीत, सगळ्या कडव्यांसह. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी, माझ्यावर तीन गीतं होऊ लागली. हातांचा तो पोकळ टप् टप् आवाज आणि त्यावर आईचा सूर. शिंपी थापटायला बसला की त्याची लय शिवणयंत्रासारखी धावायची. आई आतून ओरडायची की अहो, देवाचं गीत आहे, पाटलोण नाही.

गीत कुठलं, हे बटण ठरवायची आणि ती अर्क होती. खेळायला जायचं असलं की दोन कडव्यांचं मागायची. आई आमेन लांबवून वसुली करायची. मग बटण उठून बसायची, तसराळ्यात खोकायची, आणि त्यात कफ दिसला की घरात शाबासकी मिळायची. इतर घरांत मुलं कविता म्हणून शाबासकी मिळवतात, आमच्याकडे खोकून मिळायची. मी चर्चमध्ये पुष्कळ गाणी ऐकली होती, पण त्यांचा इतका उपयोग होताना पाहिला नव्हता. पाय गेल्याचं दुःख मी केव्हा विसरलो, मला सांगता येणार नाही.

त्या घरात आत्या होती, शिंप्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली आणि बटणमध्ये तिचा जीव अडकला. चर्चच्या बायकांची प्रार्थनासभा तीच चालवायची. ती प्रार्थनेला बसली की देवालाही मध्येच उठता येत नसावं. बटण शाळेत जाऊ लागली त्या वर्षी आत्याने सगळ्या बायकांना गोळा करून तिच्यासाठी उपवास-प्रार्थना धरली. आणि खरंच, त्यानंतर बटणला ताप आला नाही. वजन वाढलं. गालांवर रंग आला. खोकला तर जवळजवळ थांबलाच.

रविवारी आत्याने भर चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली की आमच्या पोरीला प्रभूने बरं केलं. लोकांनी उभं राहून आभार मानले, बायका रडल्या, पाळकांनी बटणच्या डोक्यावर हात ठेवला. हे सगळं घरी येऊन आत्यानेच इतक्या वेळा सांगितलं की मी तिथे नसूनही मला ते पाठ झालं.

संध्याकाळी आईने नेहमीप्रमाणे माझ्यावर चादर घातली, तेव्हा आत्या हळूच म्हणाली की देवाने दिलेली वस्तू उलटीपालटी करून तपासायची नसते. शेजारच्या दोन्ही घरांत चर्चचीच माणसं होती, भिंती पातळ होत्या. टप् टप् ऐकून ती काय म्हणतील? शिंपी मान खाली घालून दोरा ओवत राहिला. आईने चादरीचा एक कोपरा उगाच सारखा केला आणि मग ती उचलली. मित्रांनो, त्या घरात कोणी दुष्ट नव्हतं. सगळ्यांचं त्या मुलीवर प्रेम होतं आणि सगळ्यांना ती बरी झालेली हवी होती. तिथेच घात झाला.

माझ्यावर आता इस्त्री केलेले कपडे ठेवू लागले. ते घसरू नयेत म्हणून खालच्या टोकाला एक पाट लावला. आणि काही दिवसांनी मला एक गोष्ट दिसू लागली, जी घरात आणखी कोणालाही दिसत नव्हती. दुपारी शिंपी दुकानात आणि आई कामात असली की बटण माझ्याजवळ यायची, कपड्यांच्या थप्पीत तोंड खुपसायची आणि खोकायची. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दोन्ही हातांनी कापड तोंडाभोवती दाबून धरायची. मग तोंड पुसून, हसत आत जायची. मला तोंड असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. पण लाकडाला तोंड नसतं. माझा जीव तीळ तीळ तुटत होता.

शेवटी एका कोटाने ते सांगितलं. लग्नाचा कोट होता, गिऱ्हाईक घ्यायला येणार होतं. शिंप्याने शेवटची नजर टाकायला बाही उलटी केली, तर अस्तरावर वाळलेला कफ आणि त्यात रक्ताची तार. तो कोट हातात घेऊन तसाच खाली बसला. बटणला बोलावलं. रागावला नाही, फक्त बाही दाखवली. तिचे ओठ त्या दिवशी निळसर दिसत होते आणि बोलताना तिला मध्ये मध्ये थांबावं लागत होतं.

"मी खोकले तर आत्या खोटी पडेल ना, पप्पा," ती म्हणाली. "आणि देव पण."

दारात आई उभी होती. तिच्या मागे आत्या. आई येऊन गुडघ्यांवर बसली आणि तिने लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"देव इतका हलका नाही गं, तुझ्या खोकल्याने पडायला. तू खोक, बटण. पाहिजे तेवढं खोक."

आणि बटण खोकली. किती दिवसांचं साठलेलं ते. ऐकवत नव्हतं. तसंच तिला उचलून हॉस्पिटलमध्ये नेलं.

घर रिकामं झालं. मध्ये एका दुपारी आत्या कपडे न्यायला घरी आली. तिने माझ्यावरची थप्पी बाजूला केली, पाट काढला, ओल्या फडक्याने मला पुसलं. मग माझ्यासमोर गुडघे टेकले. मला वाटलं, आता मोठी प्रार्थना ऐकायला मिळणार. पण तिच्या तोंडून शब्दच फुटेना. माझ्या कडेला कपाळ टेकवून ती नुसती बसून राहिली. मी चर्चमध्ये इतकी वर्षं काढली, पण तशी प्रार्थना कधी ऐकली नव्हती.

बटण परत आली, पण त्या वेळी फुप्फुसाचा जो भाग गेला तो गेलाच. पहिल्याच संध्याकाळी आईने चादर घातली, तशी आत्या पदराला हात पुसत पुढे आली. "हात कसा वळवायचा, दाखव मला," ती भावजयीला म्हणाली. दोष तुमचा होता, असं घरात तिला कोणी कधी म्हटलं नाही. रविवारी तिने पुन्हा चर्चमध्ये उभं राहून साक्ष दिली आणि या वेळी सगळं खरं सांगितलं, कोटाच्या बाहीसकट. कोणी आभार मानायला उठलं नाही म्हणे. पण त्याच आठवड्यात शेजारची बाई थापटायला शिकायला आली, मग दुसरी आली. पाळकीणबाई आल्या. त्यांचा आवाज इतका बेसूर होता की बटण खोकण्याआधी हसायची, आणि हसण्यानेच अर्धा कफ सुटायचा. आता खिडक्या उघड्या असत. माझ्यावर रोज कोणी ना कोणी गात असे आणि बटणच्या आईला दुपारची घटकाभर झोप मिळू लागली. त्या दिवसांसारखे दिवस मी पुन्हा पाहिले नाहीत. आठवले की अजून माझ्या लाकडाला ऊब येते.

तुम्ही विचाराल, मग बटण बरी झाली का? नाही, मित्रांनो. ती मोठी झाली. तिचे पाय माझ्या वरच्या टोकाबाहेर येऊ लागले, ती आईच्या उंचीची झाली, केसांना रिबीन न लावता फिरू लागली. आणि मग एका सकाळी हॉस्पिटलमधून तिघेच घरी आले.

त्यानंतर माझ्याकडे कोणी बघत नसे. शिंपी तर त्या खोलीतून जाताना तोंड फिरवायचा. माझ्यावर धूळ बसली. मला राग आला नाही. मीही कोणाकडे बघण्याच्या मनःस्थितीत नव्हतो.

एके दिवशी नर्सच्या ओळखीने एक तरुण जोडपं आलं. बापाच्या खांद्यावर एक मुलगा होता, सारखा घरघरणारा. तोच आजार. त्यांना बाकाचं माप हवं होतं. शिंप्याने टेप काढली, माझे पाय मोजले आणि आकडे सांगितले. बाप ते लिहून घेत होता, पण मुलाची आई माझ्याकडेच बघत होती. भिंतीवर बटणचा फोटो होता. तिला कळलं असावं.

"रागावू नका, काकू," ती म्हणाली. "पण इतकं सगळं करून शेवटी झालं काय?"

शिंप्याने टेप खाली ठेवली. आत्या पुढे होणार होती, पण बटणच्या आईने तिला हाताने थांबवलं.

"काय झालं?" ती म्हणाली. "ती शाळेत गेली. भूमितीत नापास झाली. मैत्रिणीशी भांडून वर्षभर बोलली नाही, मग बोलली. तिला सायकल आली. तिने माझी चांगली साडी कापून पडदा केला. अक्कलदाढ दुखते म्हणून रडली. गायकवृंदात चुकीच्या जागी सूर लावला आणि आम्हा सगळ्यांना चुकवलं. एवढं झालं. पाठ थापटली नसती तर यातलं काही झालं नसतं."

मग शिंपी उठला आणि बापाला म्हणाला, माप राहू द्या, बाकच न्या. एक टोक त्याने स्वतः उचललं.

म्हणून मी आता दुसऱ्या घरात आहे. इथली आई अजून घाबरत घाबरत थापटते आणि तिला गाता येत नाही, ती गोष्ट सांगते. चालतं. पोरगा माझ्यावर लाथा झाडतो.

मित्रांनो, मी म्हातारा आहे, माझ्याजवळ सांगण्यासारखं थोडंच आहे. तुमच्या घरात कोणी आजारी असेल तर त्याच्यासाठी प्रार्थना करा, मी तर प्रार्थनेतच वाढलो. पण प्रार्थना झाली की बाह्या वर करा. आणि कोणत्याही मुलाला, मोठ्यांचा शब्द राखण्यासाठी, आपलं दुखणं कापडात तोंड घालून लपवावं लागू नये, एवढं बघा. मुलं फार चांगली असतात. सांगितलं नाही तरी लपवतात.